वाढत्या अंगाची रायफल घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची, अंगानं बारीक. मामाला नेमबाजीचा नाद, आणि भाचीला वाढदिवसाला तो पॉइंट टू-टूची (०.२२ इंची बारीक काडतुसाची) पूर्ण मापाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल द्यायची म्हणतोय, वर दुर्बीण बसवून. "आत्ता थोडी मोठी होईल, पण दोन वर्षांत बसेल आणि मग जन्मभर पुरेल," असं त्याचं म्हणणं. वडिलांना प्रश्न पडलाय की ती घ्यावी, लहान मुलांसाठी मिळते ती छोटी घ्यावी, की आधी एअर रायफलवरच भागवावं.

मामाचं मन मोडू नका, पण रायफल त्याच्याकडेच राहू द्या. भेट चांगली आहे, फक्त पाचेक वर्षं लवकर आली आहे.

फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवला तर बाही दुमडता येते, शिवण उसवून सोडता येते. रायफलचा दस्ता दुमडता येत नाही. मी गेली २० वर्षं रेंजवर मुलांना शिकवतोय, आणि वाईट सवय लागलेली मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक मोठी रायफल हाती धरून वाढलेली असतात. ती कशी उभी राहतात ते एकदा बघा. बट, म्हणजे दस्त्याचा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीत मावत नाही म्हणून दंडावर टेकवलेला असतो, नाहीतर सरळ काखेत घातलेला. गाल दस्त्यावर टेकवायला मान पुढे ताणलेली. पुढचा हात कोपरात सरळ झालेला, त्यामुळे वजन हाडांवर न येता स्नायूंवर येतं. नळीचा भार तोलायला पोट पुढे आणि खांदे मागे. बोट ट्रिगरला जेमतेम नखापाशी लागतं. एवढा खटाटोप करून ती मुलगी नेम धरते, दहा सेकंदांत थकते, आणि "बरोबर आहे का?" विचारायला मान वळवते. मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर नळी. रेंजवर मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती या क्षणाची. मूल बेफिकीर नसतं, त्याच्या हातातलं वजनच त्याच्या ताब्यात नसतं.

हे मी दुसऱ्यांच्या मुलांवरून शिकलो असं नाही. माझ्या मुलाला मी स्वतःच माझी जुनी रायफल दिली होती, याच हिशोबानं, की होईल मोठा. तो मागे रेलून उभा राहायला शिकला. पुढे अंगाला बसणारी रायफल मिळाली तरी कंबर काही सरळ होईना. ती सवय मोडायला आम्हाला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत आमची जी भांडणं झाली ती वेगळीच.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मापाची पट्टी घ्या. ट्रिगरपासून बटच्या मागच्या टोकापर्यंतचं जे अंतर असतं त्याला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. मोठ्या माणसाच्या रायफलमध्ये ते साडेतेरा-चौदा इंच, म्हणजे ३४-३५ सेंटीमीटर असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साधारण ११ ते १२ इंच, म्हणजे २८ ते ३० सेंटीमीटर लागतं. दोन-तीन इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. तीन नंबर मोठा बूट घालून पळून बघा म्हणजे कळेल. रेंजवरची झटपट पद्धत अशी: रायफल रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी आणि करंगळीनं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) चाचपून बघायचं, मुलीचा कोपर काटकोनात वाकवायचा, बट कोपराच्या आतल्या खळीत टेकवायचा आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरपर्यंत पोचतं का ते पाहायचं. पोचलं तर माप जवळपास आहे. हा अंदाज झाला, निकाल नव्हे. निकाल खांद्याला लावल्यावरच लागतो. मुलीला डोळे मिटायला सांगा, आरामात रायफल खांद्याला लावून गाल टेकवू द्या, मग डोळे उघडायला सांगा. मान न हलवता मागच्या साइटमधून (नेमाच्या खाचेतून) पुढची माशी (नळीच्या टोकावरची खूण) दिसली तर रायफल तिची. मान उचलून, वाकवून किंवा पुढे काढून शोधावी लागली तर नाही. माप घेताना हिवाळ्याचं जाड जॅकेट अंगात असेल आणि नेमबाजी उन्हाळ्यात होणार असेल, तर तोही एक सेंटीमीटरचा फरक धरायचा.

बाजारात छोट्या मापाच्या बोल्ट रायफली (दर गोळीला बोल्ट, म्हणजे मागची दांडी, हातानं उघडून मिटायच्या) मिळतात. सॅव्हेज रास्कलचं माप सव्वाअकरा इंच आहे, क्रिकेट नावाची एक आहे (खेळाशी संबंध नाही) ती साडेअकरा इंचांची, सीझेड स्काउट १२ इंचांची. पहिल्या दोन सव्वा किलोच्या आसपास, स्काउट सव्वादोन किलोच्या पुढे-मागे. तिन्हींची नळी ४० सेंटीमीटरच्या जवळपास, आणि पॉइंट टू-टूला तेवढी पुरते. काडतुसातली दारू तेवढ्या लांबीत जळून जाते, त्यापुढच्या नळीनं वेगात विशेष भर पडत नाही, फक्त तोंडाकडचा भार वाढतो.

छोटी रायफल दोन वर्षांत तोकडी होईल, ही मामाची शंका मात्र खरी आहे. त्यावरचा उपाय सुतारकामात आहे आणि मला तो फार आवडतो. लाकडी दस्त्याची जुनी सिंगल-शॉट (एका वेळी एकच गोळी भरायची) रायफल मिळाली तर बटचा अडीच-तीन इंचांचा तुकडा कापून घ्यायचा, करवतीचा काप ट्रिगरच्या बाजूला तिरपा न जाता मूळ कोनातच ठेवायचा, बट-प्लेट पुन्हा बसवायची. कापलेला तुकडा फेकायचा नाही. त्याच्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या चकत्या करायच्या, आरपार दोन भोकं पाडायची आणि लांब स्क्रू आणून ठेवायचे. मूल वाढलं की एक चकती आत. माझ्याकडे अशी एक रायफल आहे, तिच्या बटवर चार रेघा दिसतात आणि प्रत्येक रेघेजवळ पेन्सिलीनं तारीख लिहिलेली आहे. मात्र कापण्याआधी ती रायफल कुणाच्या आजोबांची आठवण नाही ना, हे घरात विचारून घ्या. आणि कापायचं ते मागचं लाकूड, नळी नव्हे. नळीला करवत लावणं कित्येक देशांत गुन्हा ठरू शकतं.

वजनाबद्दल दुकानात उलटसुलट ऐकायला मिळेल. जड रायफल स्थिर राहते, हे खरं. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे आणि मोठे नेमबाज ती जवळपास पूर्ण वापरतात. पण ते कडक जॅकेट घालतात, कोपर कंबरेच्या हाडावर टेकवतात आणि त्या एका मुद्रेसाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात. नऊ वर्षांच्या पाठीच्या कण्याला हे सांगण्यात अर्थ नाही. माझी परीक्षा अशी: रिकामी रायफल खांद्याला लावून मनात वीस आकडे मोजू द्या. पंधराच्या आत नळी खाली यायला लागली तर ही रायफल उभ्यानं नेम धरायची नाही. तसं पाहिलं तर पहिलं वर्षभर उभ्यानं धरूच नये. टेबल, खुर्ची, वाळूची पिशवी, रायफलचा पुढचा भाग पिशवीवर. वजन पिशवीनं घ्यावं आणि मुलीनं फक्त नेम, श्वास आणि बोट शिकावं. पिशवीवर सव्वा किलोची आणि सव्वादोन किलोची रायफल यांत मुलाला फरक पडत नाही, म्हणून मी तरी जरा वजनदार पण आखूड दस्त्याची घेईन. अगदी हलक्या रायफलची आणखी एक गोम आहे, ती ट्रिगरमध्ये.

काही स्वस्त रायफलींचा ट्रिगर ओढायला अडीच किलोपर्यंत जोर लागतो. रायफल सव्वा किलोची. म्हणजे बोटावर रायफलच्या दुप्पट भार! मोठ्या माणसाच्या हातातही ती जागची हलेल. मूल मग दोन बोटं घालतं, ओठ चावतं, डोळे मिटून हिसका देतं, आणि बाप म्हणतो, "नेम नीट धर." नेम नीटच होता, हिसक्यानं गेला. एक ते दीड किलोच्या दरम्यान, मध्ये न अडखळता सुटणारा ट्रिगर हवा. त्याहून फार हलका नको, कारण मुलांचं बोट ट्रिगरवर नकळत विसावतं. दुकानात स्प्रिंगचा छोटा काटा असतो, तो लावून मोजायला सांगा. काटा नाही म्हणाले तर दुकानाबद्दलही काही कळलंच.

आता यंत्रणा. मामाच्या रायफलवर माझा खरा आक्षेप इथे आहे, मापापेक्षाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक गोळी सुटली की पुढची आपोआप चेंबरमध्ये येते आणि घोडा चढलेलाच राहतो. मुलाच्या दृष्टीनं बार झाला म्हणजे काम संपलं. बार झाला, डबा पडला, "बाबा, लागला!" म्हणून ते उडी मारतं. त्या उडीच्या वेळी हातातली रायफल पुन्हा झाडायला तयार असते. सिंगल-शॉट बोल्टमध्ये बार झाल्यावर हातात फक्त लोखंड आणि लाकूड उरतं. पुढच्या गोळीसाठी बोल्ट उघडायचा, रिकामी पुंगळी काढायची, नवीन काडतूस बोटांनी ठेवायचं, बोल्ट मिटायचा. चार कामं, आणि प्रत्येक कामाच्या वेळी तुम्हाला "थांब" म्हणायला जागा आहे. आणखी फायदा असा की मूल गोळ्या मोजायला लागतं. दहा गोळ्यांचं मॅगझिन हाती असलं की दहा गोळ्या उडवल्या जातात. एकेक भरायची असली की एकेक मारली जाते. सीझेड स्काउटबरोबर मॅगझिनच्या जागी बसणारा सिंगल-शॉटचा ठोकळा मिळतो. मोठेपणी तो काढून मॅगझिन लावता येतं. मामाच्या "जन्मभर" या मुद्द्याला हे बरं उत्तर आहे.

बोल्टमध्येही दोन तऱ्हा आहेत, त्या हातात घेऊन बघा. काही छोट्या रायफलींत बोल्ट मिटला तरी घोडा चढत नाही. मागे एक गोल मूठ असते, ती चिमटीत धरून वेगळी ओढावी लागते. सुरक्षिततेसाठी हे चांगलं म्हणतात, आणि ओढायच्या बाजूनं चांगलंच आहे. पण ओढल्यावर विचार बदलला, तर काही मॉडेलांत ती मूठ धरून ट्रिगर दाबत हळूच पुढे सोडावी लागते, तीही चेंबरमध्ये काडतूस असताना. लहान बोटांतून मूठ निसटली की बार झाला. म्हणून घरचा नियम असा करा की घोडा उतरवायचा नाहीच. बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढायचं. त्यासाठी मूठ ओढलेली असतानाही बोल्ट उघडतो का, हे घेण्यापूर्वी रिकाम्या रायफलवर बघा. दुसऱ्या तऱ्हेत बोल्टची दांडी उचलतानाच घोडा चढतो आणि ट्रिगरला हात न लावता रायफल रिकामी करता येते. रास्कल अशी आहे. मला ही पसंत आहे. अडचण एवढीच की दांडी उचलायला जरा जोर लागतो, लागू द्या. ज्या मुलाला बोल्ट उचलता येत नाही, त्यानं अजून वर्षभर थांबावं.

कुठल्या खांद्याला, हे ठरवायला हात बघू नका, डोळा बघा. कागदाला रुपयाएवढं भोक पाडा, मुलीला दोन्ही हातांनी कागद लांब धरून दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून तुमचं नाक बघायला सांगा. कागदाच्या भोकात तुम्हाला तिचा जो डोळा दिसेल तो तिचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या कित्येक मुलांचा डावा डोळा मुख्य असतो. इतक्या लहानपणी सुरुवात असेल तर मी सरळ डाव्या खांद्याला शिकवतो. हात काय, शिकवू तसा शिकतो. आणि एक डोळा मिटता येत नाही म्हणून मुलाला रागावू नका, बऱ्याच लहान मुलांना तो मिटताच येत नाही. चष्म्याच्या त्या काचेवर धुरकट चिकटपट्टी लावा, प्रश्न संपला.

दुर्बिणीचं म्हणाल तर पहिल्या रायफलवर नको. मुलांना हवी असते हे ठाऊक आहे, कारण चित्रात तशी असते. पण दुर्बिणीतून पूर्ण चित्र दिसायला डोळा काचेपासून आठ-नऊ सेंटीमीटरवर, नेमका मध्यावर ठेवावा लागतो. जरा इकडेतिकडे झालं की काळी चंद्रकोर. मूल ती चंद्रकोर घालवण्यात मान वेडीवाकडी करतं. शिवाय नेमातली थरथर दुर्बीण मोठी करून दाखवते, मग फुली ठिपक्यावरून जाताना पकडायची म्हणून मूल ट्रिगरला हिसका मारतं. उघड्या खाचेच्या साइटमध्ये खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर जुळवाव्या लागतात. पीप साइट सगळ्यात सोपी. मागे बारीक भोक, पुढे गोल कडं. भोकातून बघितलं की डोळा आपणहून मध्यावर जातो, तो त्याचा स्वभावच आहे. मी मुलांना एवढंच सांगतो, "गोलात गोल, गोलात काळा ठिपका, आणि मग हळूच." पाच मिनिटांत कळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, एअर रायफल की पॉइंट टू-टू. माझं मत: वर्षभर एअर रायफल, मग पॉइंट टू-टू. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय आणि शिकायला आजही त्यासारखं दुसरं नाही. धक्का जवळपास नाही, दाणा नेमका, ऑलिम्पिकमधली ५० मीटरची रायफल स्पर्धा याच काडतुसावर होते. पण धक्का नाही म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. हिशोब बघा. स्पर्धेच्या एअर रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा पेलेट (छर्रा) नळीतून निघताना साधारण साडेसात ज्यूल ऊर्जा घेऊन निघतो. पॉइंट टू-टूची २.६ ग्रॅमची गोळी १४० ज्यूलच्या आसपास, म्हणजे अठरापटीच्या वर, आणि वाट मोकळी मिळाली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे तिच्यासाठी मागे मातीचा उंच बांध असलेली रीतसर रेंज लागते. दर आठवड्याला मुलीला तिथवर नेणं तुम्हाला जमणार आहे का, हे स्वतःलाच विचारा. एअर रायफलला दहा मीटर आणि मागे पक्की पेटी पुरते, सराव आठवड्यातून तीनदा होतो, आणि नेमबाजी सरावानंच येते. डोळा मात्र पेलेटनंही जातो, एअर रायफलसुद्धा खेळणं नाही.

एअर रायफलमध्येही स्प्रिंगची, नळी मोडून भरायची घेऊ नका. ती चढवायला मुलाचा जोर पुरत नाही, मग ते नळी गुडघ्यावर दाबतं, हात निसटतो, आणि नळी झटक्यात मिटली तर बोटं सापडतात. बार होताना आतला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा रायफल उसळते, त्यामुळे ती रोज तशीच धरावी लागते. नवख्याला ते जमत नाही आणि का जमत नाही हे कळतही नाही. हवेच्या सिलिंडरवर चालणारी, दस्त्याचं माप आणि गालाची उंची स्क्रूनं बदलता येणारी ज्युनियर मापाची रायफल घ्या. सिलिंडर २०० बार दाबानं भरलेला असतो, तो मोठ्यांनीच भरायचा. बोटानं लिव्हर उघडायचा, पेलेट ठेवायचा, मिटायचा, एवढंच मुलीचं काम. महाग पडते हे कबूल, पण ती वाढत्या अंगाची खरोखर असते, बारा-तेरा वर्षांपर्यंत सरकवत नेता येते, आणि क्लबमध्ये वापरलेली बऱ्याचदा मिळते.

कायदा आधी बघा, देशोदेशी फार फरक आहे. जर्मनीत क्लबच्या रेंजवर एअर रायफल १२ व्या वर्षापासून आणि पॉइंट टू-टू १४ व्या वर्षापासून, तीही पालकांच्या संमतीनं आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. त्याहून लहान मुलं तिथे प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलीवर शिकतात. तुमच्याकडे नऊ वर्षांना मुभा नसेल तर तो पर्याय उत्तम आहे, आणि शिकवायच्या दृष्टीनं त्यात काही उणं नाही. मुभा असली तरी रायफल नावावर, ताब्यात आणि कुलपात मोठ्यांच्याच. "माझी रायफल" हे मुलीनं म्हणायला हरकत नाही. किल्ली मात्र तिची नाही, आणि ती कुठे असते हेही तिला ठाऊक नको.

कुलपाबद्दल मी हट्टी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण गेली. मुलाला भेट मिळालेली छोटी पॉइंट टू-टू घराच्या कोपऱ्यात उभी होती, आणि आत एक काडतूस राहिलं होतं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. रायफल मापाची होती, सिंगल-शॉट होती, मी वर सांगितलेलं जवळपास सगळं तिच्यात होतं. म्हणून रायफल लोखंडी कपाटात, बोल्ट वेगळा काढून, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आल्यावर रिकामी आहे का ते दोघांनी बघायचं, मुलीनंसुद्धा, मोठ्यानं "रिकामी" म्हणून. पाहुणे आले म्हणून दाखवायला बाहेर काढायची नाही.

मूल तयार आहे का, हे वयावरून कळत नाही. मी एकच गोष्ट बघतो: खेळाच्या ऐन भरात "थांब" म्हटलं तर पहिल्या हाकेला थांबतं का? धावताना, चेंडू हातात असताना, हरत असताना. तिसऱ्या हाकेला थांबणारी मुलं गोड असतात, हुशार असतात, पण रायफलीसाठी अजून नाहीत. महिनाभर लाकडी दांडक्यावर सराव करा. दांडक्याचं तोंड माणसाकडे गेलं, बोट नेम धरण्याआधी "ट्रिगर"वर गेलं, की त्या दिवसाचा खेळ बंद. रागावायचं नाही, व्याख्यान द्यायचं नाही, दांडकं उचलून ठेवायचं. एका मुलीनं मला पाचव्या दिवशी सांगितलं, "सर, तुमचं बोट आत आहे." खरंच होतं. त्याच आठवड्यात तिला एअर रायफल दिली.

कान आणि शिसं याकडे लोक दुर्लक्ष करतात म्हणून लिहितो. पॉइंट टू-टूचा आवाज मोकळ्यावर टिचकीसारखा वाटतो, पण आखूड नळीला तो १४० डेसिबलच्या जवळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा क्षणिक आवाजाची मुलांसाठीची मर्यादा १२० सांगितली आहे. मुलाच्या डोक्याला घट्ट बसतील असे इअरमफ, आणि बंद रेंजमध्ये आत फोमची बोंडंही. चष्मा सगळ्यांनी, बघणाऱ्यांनीही. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मंद काडतुसं मिळतात, सेकंदाला २१६ मीटरच्या आसपास वेगाची, त्यांचा आवाज फार सौम्य. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ती नीट चालत नाहीत, बोल्टमध्ये बिनतक्रार चालतात. मात्र आत दारूच नसलेली, नुसत्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या स्फोटक मसाल्यावर) चालणारी काडतुसं रायफलमध्ये वापरू नका. गोळी नळीत अडकून राहू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुटते. मॅग्नम किंवा पॉइंट वन-सेव्हन या जास्त जोराच्या काडतुसांच्या वाटेला तर आत्ता जाऊच नका, मोठा आवाज आणि मोठा खर्च, शिकायला काही जास्त नाही. शिसं गोळीत असतं, पेलेटमध्ये असतं आणि काडतुसाच्या प्रायमरमध्येही असतं, आणि मुलांच्या मेंदूला ते मोठ्यांपेक्षा जास्त घातक. रेंजवर खाणं-पिणं नाही, पेलेट तोंडात धरायचा नाही (मोठी माणसं धरतात, मुलं बघतात), संपल्यावर साबणानं हात-तोंड धुवायचं, ते कपडे वेगळे. पुंगळ्या वेचायचं काम मुलांना आवडतं, ते तुम्ही करा.

सेकंड-हँड बघत असाल तर रिकाम्या रायफलवर एक परीक्षा कराच. घोडा चढवा, सेफ्टीचा खटका लावा, ट्रिगर जोरात दाबा आणि सोडा. आता ट्रिगरला हात न लावता खटका काढा. घोडा पडला तर ती रायफल जागच्या जागी परत द्या. नंतर खटका काढलेल्या स्थितीत बटवर हाताच्या मुठीनं चार ठोके मारा, तेव्हाही पडता कामा नये. ही परीक्षा बार उडवल्यासारखी वारंवार करत बसू नका, काही रिमफायरमध्ये (पॉइंट टू-टूसारख्या, काडतुसाच्या काठावर पिन आदळून बार होणाऱ्या रायफलींत) रिकामा घोडा पडला की पिन चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. घरी सरावासाठी प्लॅस्टिकचं डमी काडतूस वापरा.

पहिल्या दिवशी दहा गोळ्या, जास्त नाहीत. अंतर दहा मीटर, लक्ष्य फुगे किंवा खडूचे तुकडे. कागदावरचं भोक दुरून दिसत नाही आणि मुलाला जे दिसत नाही त्यात त्याला रस नसतो. एखादं काडतूस उडालंच नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण तीस सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल रायफल फिरवून नळीत बघायला जातं. दहा झाल्यावर ती "आणखी एक" म्हणेल. नाही म्हणा, आणि पुढच्या शनिवारी आणा.

मामाला त्या शनिवारी सोबत घ्या. पिशवी भरायला, फुगे बांधायला आणि दुसऱ्या नजरेनं नळीकडे लक्ष ठेवायला माणूस लागतोच. मुलीचं माप दर सहा महिन्यांनी घ्या, कोपराची खळ ते तर्जनीचं पेर, आणि भिंतीवर उंची लिहिता तिथेच बाजूला लिहून ठेवा. तो आकडा साडेतेरा इंचांना टेकला की त्याला फोन करा.